पातेल्यातून निघालेली खाण

गेल्या रविवारी ईशाने फोनवर विचारलं, "आजी, तुझ्या वडिलांच्या तांब्याच्या खाणीचं जिऑलॉजी मला शाळेसाठी लिहून पाठवशील?" मी म्हटलं, खाण नव्हती. त्यावर तिच्या मागून निखिल ओरडला, "होती! बाबा म्हणतो चांदीपण निघायची. तुझ्या फडताळातलं मोठं पातेलं त्याच तांब्याचं आहे." तुमच्या बाबाने, म्हणजे माझ्या चिरंजीवांनी, ती टेकडी आयुष्यात एकदाच पाहिली, तीसुद्धा एसटीच्या खिडकीतून, आणि त्या वेळी त्याला गाडी लागत होती म्हणून त्याचे डोळे मिटलेले होते. आपल्या घराण्यात खरी गोष्ट एका पिढीपलीकडे टिकत नाही आणि खोटीला मात्र कलमं फुटतात. तेव्हा जे झालं ते मी एकदाच, क्रमाने लिहून ठेवते. ईशाला शाळेत जे द्यायचं ते यातून घ्यावं. निखिलने सगळं वाचावं आणि मग ओरडावं.

आमचं घर बोर्डीला, सुरूच्या रांगेच्या आतल्या बाजूला, चिकूच्या वाडीत होतं. समुद्र घरातून दिसत नसे. भरतीच्या वेळी ऐकू मात्र येई, आणि ओहोटी लागली की सुरूतला वारा त्याचं काम चालू ठेवी. सकाळी विहिरीवरच्या इंजिनाचा ठोका सुरू झाला की उठायचं, चुलीवर तांदळाची भाकरी फुगायला लागली की तोंड धुऊन हजर राहायचं. थंडीत उकडहंडी. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा आणि ओवा मडक्यात भरून बाहेर जाळावर ठेवलेली, आणि तिचा वास वाडीच्या फाटकापर्यंत. दुपारी ओटीवर चिकूंची रास पडायची आणि आम्ही सगळे ती निवडायचो, बोटांना चीक चिकटलेला, मोठं एकीकडे, लहान एकीकडे, टोचलेलं घरात. वाडी कागदावर आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पण झाडं आईची होती. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिथे गवत होतं. रांजणीच्या रानझाडाच्या खुंटावर बांधलेली चिकूची कलमं तिने लावली, इंजिन नव्हतं तेव्हा हंड्याने पाणी घातलं, आणि फळ धरायला जितकी वर्षं लागतात तितकी वर्षं वाट पाहिली. वाट पाहणं हा गुण आमच्या घरात तिच्या एकटीकडेच होता.

आता भांड्यांबद्दल सांगायला हवं, कारण तुमच्या घरात सगळं स्टीलचं आहे. आमची भांडी तांब्यापितळेची होती आणि त्यांना आतून कल्हई लागे, म्हणजे कथलाचा पांढरा मुलामा. कल्हईवाला दिवाळीनंतर यायचा, चिंचेखाली खड्डा करून भाता लावायचा, आणि नवसागराच्या धुरात कापसाचा बोळा फिरवला की काळं भांडं आतून चंद्रासारखं उजळायचं. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट काही केलं किंवा ठेवलं तर ते कळकतं. तांबं त्यात उतरतं, हिरवट झाक येते, तोंड कडू होतं आणि खाणारा ओकतो. ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. मी सांगते आहे त्या वर्षी कल्हईवाला आलाच नाही. त्याच्या मुलीचं लग्न होतं, वलसाडच्या पुढे कुठेतरी. आई दर दोन दिवसांनी घरभर सांगत फिरायची, "पातेल्यांची कल्हई गेलीय. आंबटाला मडकं घ्या." हे वाक्य लक्षात ठेवा. आप्पांनी ठेवलं नाही.

आप्पा शेतकरी होते आणि वाईट शेतकरी नव्हते. पण त्यांना छापील गोष्टीचा फार लवकर विश्वास वाटे. डहाणू रोडला स्टेशनसमोर एका गुजराती शेठचं किराणा दुकान होतं. तिथे पुड्या बांधायला रद्दी असे. एकदा आप्पा हळद आणायला गेले आणि शेठच्या हातून एक इंग्रजी पुस्तक वाचवून आले. "आमां सूं छे, भाई? पाणा-पथरानी चोपडी छे," शेठ म्हणाला होता म्हणे, म्हणजे यात काय आहे, दगडधोंड्यांची वही आहे. खरोखरच तसं होतं. कुठल्याशा डोंगरातल्या एका लहान खाणीचं भूवर्णन. पुढची पानं हळदी-जिऱ्याबरोबर गेलेली, त्यामुळे ती खाण कुठल्या देशात होती ते आम्हाला कधीच कळलं नाही. शेवटचीही गेलेली, त्यामुळे ती पुढे चालली की बसली तेही कळलं नाही. राहिलं होतं ते नेमकं मधलं, जिथे सगळे आशेवर असतात.

मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होते आणि इंग्रजी बरं होतं, हा माझा गुन्हा. दुपारच्या जेवणानंतर आप्पा झोपाळ्यावर बसायचे आणि मी खाली बसून एकेक पान मराठीत सांगायची. शब्दकोशात निम्मे शब्द सापडत नसत. त्या अनोळखी डोंगराचा प्रत्येक बोगदा मला पाठ झाला. ईशा, तुझ्यासाठी सांगते. तो डोंगर जुन्या, करड्या, दाणेदार खडकाचा होता. खूप खोलवरून तापलेलं पाणी त्या खडकाच्या भेगांतून वर आलं. त्यात धातू विरघळलेले होते. पाणी निवलं आणि भेगांमध्ये गारगोटीच्या पांढऱ्या शिरा भरल्या, शिरांत तांब्याचं खनिज, त्याच्या आडोशाने थोडी चांदी आणि कुठे कुठे सोन्याचा कण. वरच्या बाजूला ऊन-पाऊस लागून तांबं गंजलं की खडकावर हिरवा थर येतो, आपल्या न घासलेल्या घंगाळावर येतो तसाच. पुस्तकात लिहिलं होतं की शोधणाऱ्याने आधी ते हिरवं पाहावं, मग पांढरी शीर पाहावी. आप्पांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणताना मी नुसतं "हिरवं, मग पांढरं" एवढंच म्हटलं, तर म्हणाले, "कुमे, नीट सांग. शास्त्र आहे."

त्यानंतर मी मुंबईला कॉलेजात गेले, विज्ञान घेतलं, आणि मला वाटलं खाणीचा विषय संपला. नाताळच्या सुट्टीत घरी आले तर फाटकापासूनच ठण ठण ठण आवाज. माजघरात आप्पा आमच्या लोखंडी खलात दगड कुटत बसलेले. शेजारी पोतं. आई चुलीपाशी, चेहऱ्यावर काही नाही, हे फार वाईट लक्षण. जेवायला बसले तर लसणीच्या चटणीत दाताखाली कचकन काहीतरी आलं.

"दगड आहे," आई म्हणाली. "खल दोनदा धुतला. तरी येतो. चावू नकोस, गिळ."

हकिगत अशी होती. आप्पा वाडीसाठी पेंढा आणायला गंजाडला रघुनाथभाऊंकडे जात. रघुनाथभाऊ तिकडचे जुने शेतकरी, भात-नागलीवाले, आप्पांचे बऱ्याच वर्षांचे स्नेही. त्यांच्या घरामागे एक उघडी टेकडी होती, तिच्यावर गवतसुद्धा मन लावून उगवत नसे. पावसाळ्यात तिचा एक कडा कोसळला होता. आप्पा तिथे सहज म्हणून गेले आणि त्यांना आधी हिरवं दिसलं, मग पांढरं. पांढऱ्याला मोत्यासारखी चमक होती, म्हणून ती चांदी ठरली. सोनं अजून खाली असणार होतं. शिवाय आपल्या भागात गरम पाण्याची कुंडं आहेत, म्हणजे जमिनीच्या पोटात चूल पेटलेली आहे, आणि चूल आहे तिथे धातू शिजणारच. हे सगळं त्यांनी मला भात कालवता कालवता सांगितलं, आवाज अगदी खाली आणून, कारण ते गुपित होतं. बोर्डीच्या बाजारात कोळणीनेही मला उतरल्या उतरल्या विचारलं होतं, "काय गो कुमुद, बापाची खाण लागली का?"

आणि सिद्धताही झालेली होती. पुस्तकात परीक्षा दिली होती की दगडाची पूड आम्लात भिजवून उकळावी, त्यात लोखंड बुडवावं, तांबं असेल तर लोखंडावर लाल पुट चढतं. परीक्षा बरोबर आहे, ईशा, कॉलेजातही हेच शिकवतात. आम्ल म्हणून आप्पांनी शेजारच्या इराणी बागवाल्याकडून सिरका आणला, त्यात मूठभर मीठ घातलं, पूड रात्रभर भिजवली, सकाळी उकळली आणि आईच्या विळीचं पातं बुडवलं. पातं लाल झालं. घरातल्या सर्वांनी पाहिलं. आईनेही पाहिलं. ती पुढे बरेच दिवस त्याच विळीवर भाजी चिरत होती आणि काही बोलत नव्हती.

बोलण्यासारखं पुढे घडलं. आप्पांनी रघुनाथभाऊंशी अदलाबदल ठरवली. टेकडी आप्पांची, आणि तिच्या बदल्यात आमची चिकूची वाडी, विहीर आणि इंजिनासकट, रघुनाथभाऊंची. घर आणि पुढचं अंगण तेवढं आमच्याकडे राहणार होतं. कागद मकरसंक्रांतीनंतर डहाणूला व्हायचे होते. आईने एकदाच विचारलं, "आणि खायचं काय?" आप्पा म्हणाले, "अगं, तांबं!"

"तांबं खायचं?"

"तुला विनोद सुचतात."

आजही हे लिहिताना माझा हात जोरात चालतो. अक्षर बिघडलं असेल तर सांभाळून घ्या.

मी आप्पांना कॉलेजात शिकलेलं नीट समजावून सांगितलं. आमच्या भूगर्भशास्त्राच्या खोलीत काचेच्या कपाटात तोच दगड होता, तेच हिरवं, तेच पांढरं, खाली चिठ्ठी लावून ठेवलेला. आपल्या टेकड्या त्या पुस्तकातल्या डोंगरासारख्या नाहीत. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला, असे थरावर थर. काही भेगांत तो तसाच उभा थिजला, म्हणून गंजाड-तलासरीकडे भिंतीसारखे सरळ खडक उभे दिसतात. लाव्ह्यात वाफेचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत पांढरे चमकदार स्फटिक वाढले, आणि पोकळीच्या आतून हिरव्या मातीचं अस्तर बसलं. त्या हिरव्यात लोह असतं. तांबं नसतं. पांढऱ्यात चांदी नसते, चुना आणि वाळूचे नातेवाईक असतात. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. ते वरचं. खाली वेगळं."

"पण आप्पा, खाली पण लाव्हाच!"

"तू खाली गेलीस?"

"तुम्ही गेलात?"

"जाणार आहे ना."

मला विळीच्या पात्याचं कोडं मात्र सुटत नव्हतं. दगडात तांबं नाही हे मला माहीत होतं आणि पातं लाल झालेलं घराने पाहिलं होतं. ते सुटलं कढीमुळे. एका दुपारी आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. कढी उरली होती, ती आप्पांनी कढत करायला घेतली, आणि मडकं शोधायचा कंटाळा म्हणून मागच्या पडवीतलं मोठं पातेलं घेतलं, धुतलेलं होतं म्हणे. शिवाय ऊन करून विसरले. तासाभराने आम्ही दोघांनी भातावर घेतली. घास तोंडात गेला आणि जीभ आतून आक्रसली. मी घास थुंकून टाकला. आप्पा मात्र वाटी संपवून उठले आणि मग चिंचेच्या बुंध्याशी बराच वेळ वाकून उभे राहिले.

"कढी शिळी होती," ते तोंड पुसत म्हणाले.

"कढी कळकली होती, आप्पा. तुम्ही दगड याच पातेल्यात भिजवलेत?"

"मग? एवढं मोठं दुसरं कुठलं आहे?"

मुलांनो, तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. कल्हई गेलेलं तांब्याचं पातेलं, त्यात सिरका आणि मीठ, रात्रभर. पात्यावर जे लाल चढलं ते आमच्या स्वयंपाकघरातून चढलं होतं. मला इतका आनंद झाला की मी ओल्या हाताने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच दिवशी मी दोन परीक्षा मांडल्या, कॉलेजात मांडतात तशा. मडक्यात सिरका, मीठ आणि गंजाडच्या दगडाची पूड. पातेल्यात नुसता सिरका आणि मीठ, दगड नाही. सकाळी दोन्ही उकळलं, आप्पांना खुर्ची देऊन बसवलं, आईला बोलावलं आणि चाकू बुडवले. मडक्यातला चाकू काळपट राहिला. पातेल्यातला लालभडक झाला. बोलायची गरज आहे असं मला वाटलं नाही. मी सतरा-अठरा वर्षांची होते.

आप्पांनी दोन्ही चाकू उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, "मडक्यात कसं येईल? माती ती. मातीला तांबं ओढून घ्यायची ताकद नाही. तांब्याला तांबं ओढतं. म्हणूनच तर मी पातेलं घेतलं."

"आणि यात दगडच नव्हता, त्याचं काय?"

"पातेल्याला आधीच्या दगडांचा अंश लागलेला आहे. एकदा धुऊन जातो होय? बघ, किती भारी माल असेल!" आणि आईकडे वळून, "ही हुशार आहे. न सांगता अजून एक पुरावा दिला."

मी चाकू आपटला आणि वाडीत निघून गेले. संध्याकाळपर्यंत परत आले नाही. सुरूत बसून समुद्राकडे पाहत मी विचार करत होते की माणसाला याहून स्पष्ट काय दाखवायचं. तेव्हापासून एका जन्मात मी खूप लोकांना खूप गोष्टी समजावल्या, मुख्याध्यापिका म्हणून ते माझं कामच होतं, पण त्या दिवसासारखं भिंतीला डोकं लावणं पुन्हा घडलं नाही. तुमच्या बाबाचं दहावीचं वर्ष सोडलं तर. परत आले तेव्हा आई कोनफळं सोलत होती. तिने वर न पाहता विचारलं, "म्हणजे दगड नसला तरी लाल होतं?"

"होतं."

"कुठलंही लोखंड?"

"कुठलंही. गंज नको, तेल नको. राखेने घासलेलं हवं."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचं कोनफळ घेतलं.

संक्रांत झाली. सुट्टी संपली तरी मी मुंबईला परत गेले नव्हते. कागदांचा दिवस जवळ आला. आदल्या दिवशी आप्पा वकिलाकडे डहाणूला गेले, आणि त्याच दिवशी रघुनाथभाऊ वाडी पुन्हा एकदा नजरेखालून घालायला येणार होते, हे आम्हाला माहीत होतं. ते आले, डोक्याला मुंडासं, कमरेला आकडीत कोयता, झाडाझाडाला हात लावत वाडीभर फिरले आणि ओटीवर येऊन बसले. आईने पाणी आणि टोचलेल्यांतला नव्हे, चांगला चिकू पुढे ठेवला. त्यांनी तो खाल्ला, बी हातात फिरवत राहिले.

"वहिनी, एक विचारू? राग नको. भाऊंचं डोकं ठिकाणावर हाय ना?"

"का हो?"

"आमचा तो उघडा-बोडका डोंगर घ्यायचा नि ही अशी वाडी द्यायची. मी हो म्हनून बसलो. पन तेव्हापासून जेवन गोड लागत नाय. मी विचारलं, भाऊ, डोंगर कशाला? तर बोलतात, गुरांना चराई पायजे." त्यांनी गोठ्याकडे पाहिलं. "तुमची एकच म्हैस हाय."

"एकच आहे," आई म्हणाली. "तीही भाकड आहे."

"मग?"

"मला बाई त्यातलं काही कळत नाही. तुमच्या डोंगराचे दगड आणलेत पोतंभर. मागच्या पडवीत पातेल्यात भिजत असतात. बघायचे तर बघा. तुमचेच आहेत."

मी चटकन आईकडे पाहिलं. पातेल्यात दगड भिजत होते हे खरं होतं. आदल्या संध्याकाळी ते तिनेच सिरका-मिठात घातले होते, आणि सकाळपासून खाली मंद जाळ होता. मला वाटलं होतं, आप्पांनी सांगितलं असेल. मी उठले, तर तिने माझ्या मांडीवर हात ठेवला. हात जड होता.

रघुनाथभाऊ पातेल्यापाशी उकिडवे बसले. "ह्यात काय करतात?"

"लोखंड बुडवतात. विळी बुडवली होती, चाकू बुडवला होता. आधी राखेने घासतात."

दुसऱ्याच्या विळीवर त्यांचा विश्वास बसला नसता. त्यांनी आपला कोयता काढला, चुलीतली राख चोळली, पातं धुतल्या लुगड्यासारखं स्वच्छ केलं आणि टोक आत धरलं. कोंबडी तेवढी बोलत होती. त्यांनी कोयता वर काढला तेव्हा टोक नव्या पैशासारखं लाल होतं. त्यांनी ते उन्हात धरलं, नखाने खरवडलं, हुंगलं, आणि मग माझ्याकडे वळून, कारण कॉलेजात शिकणारी मी होते, विचारलं, "पोरी, हे तांबं?"

ते तांबंच होतं. मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी कोयता न पुसता आकडीत अडकवला. आईने चहाचं विचारलं, तो नको म्हणाले. फाटकाशी जाऊन थांबले, वाडीकडे एकदा नीट पाहिलं, जसं लग्न मोडलेल्या स्थळाकडे पाहतात तसं, आणि म्हणाले, "भाऊंना सांगा वहिनी, वडलार्जित जमीन हाय. भावकी नाय म्हनते."

ते दिसेनासे झाल्यावर मी आईवर तुटून पडले. "तू त्यांना फसवलंस!"

"मी काय बोलले त्यातला एक शब्द खोटा काढून दाखव."

मी मनात सगळं संभाषण पहिल्यापासून लावून पाहिलं. एकही निघाला नाही. त्याने माझा संताप जास्तच वाढला.

"पण खरं काय ते सांगायचं होतं!"

"खरं तू चांगलं दोन भांड्यांत मांडून दाखवलंस, खुर्ची देऊन. त्याचं काय झालं?" ती पातेल्याखालची लाकडं बाहेर ओढत म्हणाली. "त्यांचा डोंगर त्यांच्याकडे, माझी झाडं माझ्याकडे. हे पाणी चिकूला टाकू नकोस हं, गटारीत ओत."

आप्पा वकिलाकडून परतले आणि निरोप ऐकून मटकन झोपाळ्यावर बसले. "कुणीतरी सांगितलं त्याला! घरातलं गुपित फुटलं!" त्यांचा संशय सिरका देणाऱ्या इराण्यावर गेला आणि त्यांनी त्या बिचाऱ्याशी पुढे कित्येक वर्षं बोलणं टाकलं. आईने तो अबोला मुकाट्याने चालू दिला आणि दर मोसमाला चिकूची एक टोपली कुंपणावरून त्याच्याकडे पोचवली. आप्पा वाडीत पुन्हा कामाला लागले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, पण हरलेल्या राजासारखे. पाहुणा आला की पहिला चिकू हातात देऊन सांगायचे, "आमची खाण होती. गेली." निखिल, तुझ्या बाबाने हे लहानपणी ऐकलं. तुझ्या चांदीचा उगम तिथे आहे.

रघुनाथभाऊंनी टेकडी खणली. दोन-तीन उन्हाळे, भाताची कामं आटोपली की माणसं लावून. मला ते ऐकून झोप येत नसे. मी आईला म्हणायची, त्यांना जाऊन सांगू या. ती म्हणायची, "जा. सांग. पटलं तर मला कळव." मी गेलेसुद्धा, एका सुट्टीत, एसटीने. रघुनाथभाऊंनी मला ताक दिलं, सगळं ऐकलं, आणि अगदी प्रेमाने हसले. "भाऊंनी पाठवली काय?" म्हणाले. तांबं अर्थातच लागलं नाही. काळा दगड लागला, त्याखाली काळा दगड. आणि मग तिकडे रस्त्याचं काम निघालं, कंत्राटदाराला खडी हवी होती, तर फोडलेल्या दगडाचा एवढा ढीग तालुक्यात दुसरीकडे कुठे तयार नव्हता. रघुनाथभाऊंनी नवं कौलारू घर बांधलं. त्या टेकडीतून काही निघालं असेल तर ते हेच, बेसाल्टची खडी. ईशा, शाळेत हे लिही. पण आप्पांना ते कळलं तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. "पाहिलंस कुमे? खाण होतीच!" त्या रस्त्याने एसटीतून जाताना ते दर वेळी खिडकीतून खाली वाकून पाहायचे आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचे, हा रस्ता माझ्या तांब्यावरून जातो. शेवटपर्यंत.

पुढल्या दिवाळीनंतर कल्हईवाला आला, मुलीचं लग्न लावून, जावयाची तक्रार करत. चिंचेखाली भाता लागला. आईने घरातलं एकेक भांडं बाहेर आणून दिलं, तपेली, गंज, परात, उजळत उजळत त्यांची रांग लागली. शेवटी त्याने पडवीत डोकावून विचारलं, "बाई, वो बडा पतीला?"

आईने पातेलं उचललं, पदराने पुसलं आणि फडताळावर उलटं ठेवून दिलं.

"त्याला राहू दे," ती म्हणाली. "घरात पुरुषमाणूस आहे. केव्हा लागेल सांगता येत नाही."

तिने त्याला पुढे कधीच कल्हई करून घेतली नाही, मीही घेतलेली नाही. तेच हे पातेलं. खाणीचं तांबं पातेल्यात आलं नाही, पातेल्याचं तांबं खाणीत गेलं. एवढं कळलं तरी पुरे. मे महिन्यात याल तेव्हा ईशाने ते न्यावं, विमानात वजन बसत असेल तर. त्यात फुलं ठेवा, छत्र्या ठेवा. आंबट मात्र काही करू नका. आणि बाबाला विचारू नका, तो म्हणेल चालतं.